मोटारीमागची दमणी

सिटी सेंटरला राहणारा माझा नातू परवा माझ्याकडे आला आणि फोनवर काहीतरी वाचत बसला. वाचता वाचता म्हणाला, "आजी, पेट्रोल वाचवायचे नियम आता फार कडक होणार. घरच्या गाड्या हलक्या करतील, इंजिनं छोटी करतील. मग मागं ट्रॉली जोडून काही ओढायचं म्हटलं की संपलंच. पण जाने दो, तुझ्या समझमें नहीं आएगा." आमच्याकडची पोरं अशीच बोलतात. वाक्य मराठीत सुरू करायचं आणि हिंदीत नेऊन सोडायचं. मी म्हटलं, मेल्या, मला समजायचं काय राहिलंय त्यात? तुझा बाप जन्मायच्या आधी मी मोटारीच्या मागं जोडलेल्या गाडीत बसून या गावात फिरले आहे, आणि पेट्रोलच्या नियमानं ती गाडी बंद पडलेलीही बघितली आहे. तो हसायला लागला. त्याला वाटलं, आजी काहीतरी गंमत सांगते आहे. माझी कानशिलं तापली, ती तो गेल्यावरही निवली नाहीत.

गंमत! ऐका मग.

आमचं घर ग्वाल्हेरच्या कंपू भागात होतं. घराणं दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेलं. पुढं तलवारी गेल्या आणि दरबारच्या नोकऱ्या आल्या, पण घरातला थाट तलवारीचाच. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबासाहेब म्हणायचो, ते घरातले कर्ते. ते म्हणतील ती पूर्व. आणि घरात बायकांना गोषा होता. म्हणजे परक्या पुरुषाच्या दृष्टीला पडायचं नाही, फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर पडद्यातूनच.

यासाठी आमच्याकडे दमणी होती. दोन चाकांची हलकी बैलगाडी, वर छत, चारी बाजूंनी पडदे. आबासाहेबांच्या पत्नी काकीसाहेब, आई, आत्याबाई कुठं जायच्या तर त्यातून. मग आबासाहेबांनी मोटार घेतली. आता मोटार आल्यावर बैल जोडून बायकांना पाठवणं त्यांना कमीपणाचं वाटायला लागलं. पण बायकांना मोटारीत तरी कसं बसवणार? पुढं ड्रायव्हर, तो परका पुरुष. आणि मागची बैठक आबासाहेबांची. ज्या बैठकीवर थोरला दीर बसतो तिथं धाकट्या भावाची बायको बसत नाही, तो तिथं नसला तरी नाही. ही आमच्याकडची रीत. ती कुणी लिहून ठेवली नव्हती, आणि म्हणूनच कुणाला पुसता येत नव्हती.

तेव्हा आबासाहेबांनी डोकं चालवलं. लोहाराला बोलावून दमणीचं जू कापून टाकलं, दांडीला लोखंडी कडी बसवली, मोटारीच्या मागं आकडा ठोकला, आणि चाकांना जुने मोटारीचे टायर चढवले. झालं! पुढं मोटारीत आबासाहेब, नाहीतर नुसता ड्रायव्हर, आणि मागं पडदे उडवत दमणीत आम्ही. बाड्याच्या चौकातून निघालो की लश्कर भागातली पोरं मागं धावायची, "रेल आई, रेल आई!" म्हणजे आगगाडी आली! मोटारीचा सगळा धूर पडद्यातून आत यायचा. उतरल्यावर आमच्या नाकपुड्या चुलीच्या तोंडासारख्या काळ्या. खड्डा आला की मोटार निघून जायची आणि आम्ही मागून आपटायचो. काकीसाहेब म्हणायच्या, "याच्यापेक्षा ते बैल माणसाळलेले होते बाई." पण बैल कुठं होते? मोटार जोडल्याबरोबर आबासाहेबांनी ते विकून टाकले होते. आता काय करायचेत बैल, म्हणाले.

आईला मोटारीच्या वासानं मळमळायचं. तरी ती दर शनिवारी दमणीत बसायची, कारण शनिवारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मुरारला जायची, तिच्या आईकडे. माझी ही आजी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, तोंडातून नुसते आवाज निघायचे. एक मामा, तो पलटणीबरोबर दूर. सांभाळायला लांबच्या नात्यातली एक म्हातारी विधवा, ती बिचारी स्वतःच कानानं बहिरी. आजीला आमच्याकडे आणायचं म्हणाल, तर लेकीच्या सासरी जाऊन राहायचं, तिथलं अन्न खायचं, हे तिच्या पिढीला मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून आई जायची. शनिवारी आजीला न्हाऊ घालायची, केसांना तेल लावायची, मऊ भात स्वतःच्या हातानं भरवायची, आणि तिच्या त्या आवाजांतून बरोबर ओळखायची, पाठ दुखतेय, खिडकी लाव, मामाची काही खबर आहे का. तेवढ्या एका दिवसावर आजी पुढचे सहा दिवस काढायची. माझी आईसुद्धा त्याच्यावरच काढायची. आमच्या घरात तिला दुसरं काय होतं?

वडील होते, पण नव्हते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, आणि त्या नव्या राज्याला दोन राजधान्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळा लागला की इंदूर. वडील सरकारी दफ्तरात, तेव्हा दफ्तर हललं की कपाटांबरोबर तेही हलायचे. घरी असते तरी फार फरक पडला नसता म्हणा. त्यांचं एकच उत्तर असायचं, "आबासाहेब म्हणतील तसं."

पेट्रोल युद्धापासूनच कुपनावर मिळत होतं. युद्ध संपलं, इंग्रज गेले, दरबार गेला, कुपनं राहिली. आणि मग नव्या सरकारचा कडक हुकूम आला. खासगी मोटारीच्या मागं गाडी, ट्रेलर, काहीही जोडायचं नाही. ओढणाऱ्या मोटारीला पेट्रोल जास्त लागतं, आणि देशात पेट्रोलची टंचाई. कुणी जोडून नेताना सापडला तर त्याची कुपनं बंद.

हुकूम वाईट होता असं मी आजही म्हणत नाही. टंचाई खरीच होती. पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं ट्रेलरमध्ये सामान असणार, पोती असणार. आमच्या ट्रेलरमध्ये बायका आहेत हे त्याला स्वप्नात तरी सुचलं असतं का? ते फक्त आमच्यासारख्यांनाच सुचू जाणे.

त्या दिवशी आबासाहेबांनी घर डोक्यावर घेतलं. ज्यांना उभ्या जन्मात मोटारीचं चाक ठाऊक नाही ते आम्हाला मोटार शिकवणार, म्हणाले. दमणी सोडवून मागच्या अंगणात लावली. दुसऱ्या दिवशी ते नुसती मोटार घेऊन फिरून आले, आणि आले ते खुशीत. "कशी हलकी चालते आता! पेट्रोलही पुरतं." तिसऱ्या दिवसापासून हुकमाबद्दल त्यांची काही तक्रारच उरली नाही.

आईला मात्र शनिवारपर्यंत धीर नव्हता. पण ती आबासाहेबांशी बोलणार कशी? थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही आणखी एक रीत. आई दाराआड उभी राहायची, डोक्यावरून पदर ओढून, आणि मधे मी. आई मला सांगणार, मी आबासाहेबांना सांगणार. दोघांच्यात फळीचं एक दार, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतंय, तरी मी ते पुन्हा म्हणायचंच. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, परकर-पोलक्यातली, म्हणून मला गोषा नव्हता. माझा घरात तोच उपयोग होता.

"आबासाहेबांना सांग, शनिवारी मुरारला जायचं आहे. मोटारीला पडदे लावले तर चालेल का?"

मी सांगितलं. आबासाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईसाहेबांना सांग, माझ्या बैठकीवर त्यांना बसवून मला नरकात जायचं नाही."

"मग टांग्याला चादर बांधून जाते."

"भाड्याच्या टांग्यात? ज्यात काल कोण बसलं होतं ठाऊक नाही, त्यात आमच्या घरची बाई? सांग त्यांना, अजून तेवढी वेळ आली नाही."

"मग बैल परत घ्यावेत."

बैल घ्यायचे तर बांधायचे कुठं? गोठ्याची आणि पागेची जागा दरबारची होती, ती नव्या सरकारनं ताब्यात घेऊन तिथं धान्याचं गोदाम केलं होतं. शिवाय दमणीचं जू त्यांनी स्वतःच कापलेलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पण ते कबूल करतील तर आबासाहेब कसले? ते म्हणाले, "सांग, हुकूम काही कायमचा नसतो. उठेल तेव्हा जातील."

मी आत गेले तर आई दाराला पाठ लावून खाली बसली होती. मला म्हणाली, "ती शनिवारी दाराकडे तोंड करून पडते गं." एवढंच.

मग तोड निघाली ती अशी, की मी जायचं. मला गोषा नाही, आणि मी पोर, तेव्हा आबासाहेबांच्या बैठकीवर मी बसले तर चालत होतं. बघा कसा न्याय! शनिवारी सकाळी ड्रायव्हर मोटार काढायचा आणि त्या एवढ्या मोठ्या गाडीत मी एकटी, मांडीवर तेलाची बाटली आणि भाताचा डबा घेऊन. बाजूची अख्खी बैठक रिकामी. पडाव भागातून मुरारपर्यंत ती रिकामी बैठक माझ्याबरोबर यायची आणि परत यायची. त्या बैठकीचा मला इतका राग यायचा, की मी तिच्यावर नखं ओढायची.

मला काय जमणार होतं? आजीला कुशीवर वळवायची ताकद माझ्या अंगात नव्हती. तेल लावायची, ते डोळ्यांत जायचं. भात भरवायची, तो हनुवटीवर सांडायचा. ती काही बोलली तर मला कळायचं नाही. आणि ती माझ्याकडे बघायचीच नाही, माझ्या मागं दाराकडे बघायची, अजून कुणी उतरतंय का म्हणून. मी तिच्या कानाशी ओरडून सांगायची, "आई नाही आली, पेट्रोलचा हुकूम आहे!" आता तुम्हीच सांगा, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला हे कसं समजवायचं, की तुझी लेक कोसावर आहे, धडधाकट आहे, दारात मोटार आहे, मोटारीत जागा आहे, आणि तरी ती येऊ शकत नाही? मला स्वतःला समजत नव्हतं.

घरी आले की आई दारातच धरायची. काय खाल्लं? किती खाल्लं? पाठीला जखम झालीय का, लुगडं वर करून बघितलंस का? मी बघितलेलं नसायचं. मग ती मला रागवायची, आणि लगेच जवळ घेऊन स्वतःच रडायची. एकदा मी सांगितलं की आजीच्या पाठीला वास येतो. आई उठली, पदर खोचला, तशीच फाटकापर्यंत गेली. काकीसाहेबांनी धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले. "अगं, तमाशा करू नकोस! ते बाहेरच बसलेत!" आई परत फिरली. मला तेव्हा काकीसाहेबांचा संताप आला होता. आज वाटतं, त्या बिचारीला तरी काय येत होतं? तिच्या जन्मात तिनं फाटकाबाहेरचा रस्ता पडद्याच्या फटीतूनच बघितलेला.

आणि आबासाहेब रोज संध्याकाळी बाहेर पडत होते. त्यांच्यासारखेच चार-पाच जण जमायचे, नोकऱ्या गेलेले, मान गेलेले. नव्या सरकारला शिव्या द्यायचे. घरी आले की जेवताना सगळं सांगायचे, कुणाची पागा गेली, कुणाचा चोपदार दुसरीकडे नोकरीला लागला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. बाहेर आता त्यांचा हुकूम कुणी मानत नव्हतं. मानणाऱ्या आम्हीच तेवढ्या उरलो होतो, दाराआडच्या, आणि आमच्यावर तो दुप्पट चालला.

असे सगळा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा गेला. श्रावणात एके दिवशी दुपारी मुरारहून माणूस आला. फाटकातूनच त्यानं सांगितलं, "माताराम नहीं रहीं."

आईनं आतून ऐकलं. आबासाहेब ओसरीवर होते. ते उठले, डोक्यावरची टोपी काढली, हे मी बघितलं, खोटं बोलणार नाही. आणि मग मला म्हणाले, "तुझ्या आईसाहेबांना सांग, मोटार काढायला सांगतो. त्यांनी मोटारीतून जावं. अशा वेळी गोषा बघत नाहीत."

अशा वेळी! म्हणजे ती जिवंत असताना बघायचा, आणि मेल्यावर बघायचा नाही. वरातीमागून घोडं पाठवतात ते निदान लग्नाला तरी. मला तेव्हा हे शब्दांत मांडता आलं नाही.

आई बाहेर आली. ड्रायव्हरनं दार उघडून तोंड फिरवलं. मी आत चढून बैठकीवर बसले. आई चढली, आणि बसली ती खाली, माझ्या पायांपाशी, मोटारीच्या तळावर. बैठकीला तिनं अंग लावलं नाही. मी म्हटलं, "आई, वर बस ना." तिनं मान हलवली. मुरारपर्यंत ती तशीच होती, गुडघ्यांत डोकं घालून, आणि प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं माझ्या गुडघ्यावर आपटत होतं. मला सारखं एकच वाटत होतं, खालीच बसायचं होतं तर ही कधीच बसली असती! दर शनिवारी बसली असती, हसत बसली असती. कुणाच्याच कसं डोक्यात आलं नाही? एवढी मोठी माणसं, एवढा विचार, एवढ्या रीती, आणि मोटारीला तळ असतो हे कुणाला सुचू नये?

आजीला खाली घेतलं होतं. आई तिच्यावर जाऊन पडली आणि मोठमोठ्यानं म्हणत राहिली, "आले गं, आले मी, आले." बहिरी म्हातारी मला खुणेनं सांगत होती, आजी शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. मी ते आईला सांगितलं नाही. गरजच नव्हती, डोळे कुणी मिटवलेच नव्हते. ते आईनं मिटवले. पाठ बघितली तेव्हा मात्र तिनं बाकीच्या बायकांना बाहेर जायला सांगितलं.

तेरावा झाला. त्यानंतर आई पहिल्यासारखी सगळं करायची, स्वयंपाक, पापड, सणवार. फक्त शनिवारी जेवायची नाही. काकीसाहेब कुणी विचारलं तर सांगायच्या, मारुतीचा उपास आहे.

काही काळानं कुपनं उठली. पेट्रोल हवं तितकं मिळायला लागलं आणि त्याबरोबर तो हुकूमही गेला. ड्रायव्हरनंच बातमी आणली. आबासाहेबांना भारी आनंद झाला, जणू दरबारच परत आला. त्यांनी दमणी अंगणातून काढवली, धुऊन घेतली, टायरात हवा भरली, नवे पडदे शिवून घेतले. शनिवारी सकाळी ती मोटारीला जोडून फाटकाशी उभी केली आणि ओसरीवर बसून मला हाक मारली. वडील नेमके तेव्हा घरी होते, तेही तिथंच बसलेले.

"तुझ्या आईसाहेबांना सांग, दमणी जोडली आहे. आता कुणाची आडकाठी नाही. कुठं माहेरी-बिहेरी जायचं असेल तर जाऊन या म्हणावं."

मी आत जायला वळले, तर दार उघडलं. आई उंबऱ्याबाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर नव्हता. माझ्या जन्मात पहिल्यांदा ती आबासाहेबांसमोर उभी होती. वडील अर्धवट उठले. आईनं त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"कुणाकडे जाऊ?" ती म्हणाली.

आबासाहेबांनी नजर माझ्याकडे वळवली, जणू ती तिथं नव्हतीच, आणि विचारलं, "काय म्हणतात तुझ्या आईसाहेब?"

आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं आणि एक पाऊल पुढं आली.

"मी तुम्हाला विचारतेय, आबासाहेब. कुणाकडे जाऊ?"

आबासाहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि मोटारीची दमणी सोडायला सांगितली.